कंसातली रक्कम

मनामात, गुदैबियाच्या तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या थेंबांखाली ठेवलेल्या बादलीशेजारी
मी दोन वर्षं अभ्यास केला.
नावे, जमा, घसारा, स्थगित कर,
ते सगळं येतं मला.
अडलंय ते एवढ्यावरच, की
उणे बाराशे
लिहायचे कसे.

बीनाम्मा मागच्या वर्षी पास झाली. ती म्हणते,
आधी आडवी रेघ मार, कंस आपोआप पडतो.
रंगाच्या गोदामातला तौफीक दोनदा नापास,
म्हणून जास्त खात्रीने सांगतो:
रकान्याच्या डोक्यावर 'घट' असेल
तर चिन्ह टाकूच नकोस.
घटीची घट म्हणजे वाढ,
आणि मशीनला गंमत कळत नाही.

शिवाय पूर्णांक.
इथे दिनाराला हजार फिल्स.
अकरा वर्षं प्रत्येक बिल
मी तीन दशांश स्थळांपर्यंत उतरवलंय,
जहाजाच्या रंगाचा एक डबा: चौदा दिनार, सातशे पन्नास.
बोटांना ती तीन घरं पाठ.
परीक्षा मात्र डॉलरची, तीही सेंट झटकून टाकणारी.
दर पायरीला झटकायचे, की एकदम शेवटी?

देवरुखच्या शाळेत कानडेबाईंनी
बरोबर उत्तराचा अर्धा गुण कापला होता.
"पंचेचाळीस काय? आंबे की माणसं?"
उत्तराखाली दोन रेघा नव्हत्या, त्याचा आणखी पाव.
बरोबर असून कमी पडलेली ती मुलगी
अजून माझ्याआधी हॉलमध्ये शिरते,
चांगली जागा बघून बसते.

शनिवार, सकाळचे आठ.
लॉकरमध्ये घड्याळ, पर्स, पित्ताच्या गोळ्या.
खिसे उलटे करून दाखवले.

तिसऱ्या प्रश्नाला बारा चौकटी.
सातवी अशी, की तिथे काहीच येत नाही.
दोनदा मोजलं. खरंच काही येत नाही.
शून्य लिहू, की मोकळी सोडू?

हात वर केला. बिल्ल्यावर नाव: मारिसेल.
वाकून हळूच म्हणाली, मॅडम, प्रश्नाबद्दल मला बोलता येत नाही.
म्हटलं, प्रश्न कळलाय. लिहायचं कसं, तेवढंच.
तिने खांदे उडवले.
तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.
कोपऱ्यात सव्वीस मिनिटं. मग पंचवीस.

मार्चमध्ये व्हिसाच्या फॉर्मवर
'अवलंबून असलेल्या व्यक्ती' असा रकाना होता.
मी तो मोकळा सोडला.
टायपिंगवाल्याने कागद परत ढकलला,
काहीतरी लिहा बाई, मोकळं दिसलं की विसरलात असं धरतात.
शून्य काढताना पेन जरा अडलं.
शून्य म्हणजे कुणीतरी बघितलं,
मोजलं,
आणि नव्हतं.

सातव्या चौकटीत शून्य टाकलं.

पुढे रेघ मारून बाराशे लिहिले,
आणि पडद्याने आपणहून (१,२००) केलं.
लहानपणी कंस म्हटलं की मामाच आठवायचा,
बहिणीची मुलं मोजत बसलेला.
हा त्यातला नव्हता. उण्या रकमेला
दोन्ही बाजूंनी तळवे लावून उभा होता.
नवव्या चौकटीवर 'घट' होतं, तिथे तौफीकचं ऐकलं.
दोनदा नापास झालेल्याचंही
एखाद्या वेळी बरोबर असू शकतं.
पूर्णांकांचं, शेवटी एकदम झटकले.
का, ते विचारू नका.

बाहेर ऊन असं, की रस्ता डोळ्यांत जाईना.
निकालाला महिना तरी आहे.
एक्स्चेंजच्या रांगेत उभी राहिले,
भावाला पैसे पाठवायचे होते.
काचेमागच्या मुलाने विचारलं, किती?
एकशे वीस.
पॉइंट?
पॉइंट काही नाही.
त्याने तरीही पुढे तीन शून्यं छापली.
पावती घडी न घालता
पर्समध्ये ठेवली.